प्रवासात फक्त तिथलंच पेय! लोकल ब्रँड नक्की कशावर टिकतो?



उन्हाळा जवळ आला की माझ्याकडे एका प्रकारचे मेसेज हमखास यायला लागतात. "सर, कोल्ड्रिंकचा स्वतःचा ब्रँड काढायचाय. मशीनचं कोटेशन आलंय, नाव ठरलंय, लोगो पण झालाय. करू का?" बारामती, इंदापूर, दौंड, फलटण, सगळीकडून येतात. यातले बरेच जण पंचविशीतले आहेत आणि बँकेचं कर्ज किंवा घरच्यांची जमवलेली रक्कम लावायच्या तयारीत आहेत. म्हणून या प्रश्नाला "करा" किंवा "नका करू" असं दोन शब्दांत उत्तर देणं मला बरोबर वाटत नाही.

उत्तर शोधायला मी एक साधा नियम लावून घेतला. माल आणायला किंवा ट्रेनिंगच्या निमित्ताने ज्या गावात जाईन, तिथे फक्त तिथलंच पेय प्यायचं. देशभर मिळणारी बाटली घ्यायची नाही. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून त्यातून काय कळलं ते इथे सविस्तर लिहितो.

हा नियम मुळात बिअरवाल्यांचा

परदेशात फिरणाऱ्या लोकांमध्ये ही सवय जुनी आहे. ज्या गावात उतरायचं, त्या गावचीच बिअर मागायची. (पिणं न पिणं हा ज्याचा त्याचा विषय, आपण इथे फक्त धंदा बघतोय.)

जर्मनीतल्या कोलोन शहराचं उदाहरण घ्या. तिथली फिकट रंगाची बिअर 'कोल्श' नावाने ओळखली जाते. १९८६ साली तिथल्या ब्रुअरींनी आपापसात करार केला की कोलोन आणि आसपासच्या ब्रुअरींनीच हे नाव वापरायचं. १९९७ पासून युरोपीय संघानेही त्या नावाला संरक्षण दिलं. शेजारच्या ड्युसेलडॉर्फ शहराची 'आल्ट' ही गडद बिअर वेगळी. दोन शहरांत अंतर किती? साधारण बारामती ते इंदापूर एवढं. एवढ्या अंतरात पेय बदलतं, ग्लास बदलतो आणि दोन्ही गावांचे लोक एकमेकांची चेष्टा करत आपापलंच पितात.

आता याच्या उलट उदाहरण. चेक देशातल्या प्लझेन गावात १८४२ साली सोनेरी रंगाची एक नवीन बिअर तयार झाली. गावाच्या नावावरून तिला 'पिल्सनर' म्हणायला लागले. पण ते नाव जगभर पसरलं आणि आज कुठल्याही देशातली कंपनी बाटलीवर बिनधास्त 'पिल्सनर' छापते. पदार्थ जिंकला, पण नाव गावाच्या हातात राहिलं नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कोकमाजवळ परत लागणार आहे.

आपल्याकडे 'लोकल बिअर' म्हणजे काय?

हाच नियम महाराष्ट्रात बिअरला लावायला गेलात तर गंमत होते. दारू हा राज्यांचा विषय आहे. प्रत्येक राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं, परवाने वेगळे आणि पिण्याची दारू जीएसटीच्याही बाहेर. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल न्यायचा म्हणजे परत शुल्क आणि कागदपत्रं. म्हणून मोठ्या कंपन्या त्या त्या राज्यातच बिअर बनवून घेतात. आपल्याकडे याचं मोठं केंद्र छत्रपती संभाजीनगर. नावावरून बंगळूरची, डेन्मार्कची किंवा अमेरिकेची वाटणारी बिअर लेबल वाचल्यावर वाळूज किंवा चिकलठाण्याची निघू शकते.

मग ती लोकल झाली का? मालक बाहेरचा, ब्रँड बाहेरचा, पाणी मात्र आपलं. हे पाणी किती खरं आहे ते २०१६ च्या दुष्काळात दिसलं. त्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी जात होतं आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य उद्योगांच्या पाण्यात ६० टक्के कपात करायचा आदेश दिला. बाटलीवर नाव कुठल्याही देशाचं असू द्या, आतला मुख्य कच्चा माल मराठवाड्याचा होता.

बिअर अशी कुठेही का बनवता येते? कारण बार्लीचं माल्ट कोरडं असतं. पोत्यात भरलं की ट्रकने, जहाजाने कुठेही जातं. द्राक्षाचं तसं नाही. वाइनची द्राक्षं तोडली की लगेच वायनरीत जावी लागतात, म्हणून वायनरी मळ्याजवळच असते. आपल्या शेजारी बघा. इंदापूरहून नीरा ओलांडली की अकलूज. तिथे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू या तीन घरांनी मिळून २००७ मध्ये 'फ्रातेली' वाइन उभी केली. फ्रातेली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. भांडवल दिल्लीचं असो की इटलीचं, मळा अकलूजहून हलवता येत नाही.

तिसरा प्रकार पुण्यातला. २००९ साली 'डूलाली' ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. नाव आलंय आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. इंग्रज शिपाई घरी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत पडून राहायचे, कंटाळून डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणायला लागले. इथे माल्ट बाहेरचं असलं तरी बिअर समोर बनते आणि ताजी ताजी संपते. ताजेपणा हीच तिची सीमा.

म्हणजे एकाच पेयात तीन प्रकारचं 'लोकल' निघालं. एकाचं फक्त पाणी आणि कायदा इथला, एकाची जमीन इथली, एकाचा ताजेपणा इथला. हे तिन्ही सारख्या ताकदीचे नाहीत, आणि आपल्याला शिकायचंय ते नेमकं इथेच.

मग मी नियम थंड पेयांना लावला

दारूच्या परवान्यांच्या वाटेला आपल्यातले फार थोडे जाणार. सोडा, सरबत, ताक, रस यात मात्र कुणीही उतरू शकतो. म्हणून नियम तिकडे वळवला.

पहिला धक्का लेबलनेच दिला. कोका-कोलाचा भारतातला कॉन्सन्ट्रेटचा कारखाना कुठे आहे माहितीये? आपल्याच पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यात, पिरंगुटला! तिथून अर्क जातो आणि ठिकठिकाणचे बॉटलिंग प्लांट त्यात पाणी, साखर, गॅस घालतात. पाणी घेऊन देशभर ट्रक फिरवणं परवडत नाही, म्हणून ही पद्धत. आपल्या बारामती एमआयडीसीतही श्रायबर डायनामिक्ससारखी कंपनी दुसऱ्या ब्रँडसाठी चीज बनवते. माल बारामतीचा, नाव दुसऱ्याचं.

तेव्हा 'इथे बनतं' एवढ्यावरून कुठलाही ब्रँड लोकल होत नाही आणि टिकत तर नाहीच. मग जे खरोखर टिकले ते कशावर? फिरता फिरता मला एक शब्द सापडला: खुंटा. गाय दावणीला असते ती खुंट्यामुळे. तसं प्रत्येक टिकलेल्या लोकल पेयाला एक खुंटा आहे, जो त्याला त्या गावाशी बांधून ठेवतो आणि बाहेरच्या मोठ्या कंपनीला तो सहज उपटता येत नाही. असे चार खुंटे दिसले.

खुंटा पहिला: लवकर खराब होणं

ऐकायला उलटं वाटेल, पण माल लवकर खराब होणं हे छोट्या माणसाचं संरक्षण आहे.

नीरा घ्या. शिंदीच्या किंवा ताडाच्या झाडाचा रस पहाटे उतरवतात. ऊन वर आलं की तो आंबायला लागतो, म्हणून थंड ठेवायचा आणि लगेच संपवायचा. असं पेय दिल्लीहून कोण पाठवणार?

दुसरा आपल्या घरचाच, उसाचा रस. बारामती-इंदापूर म्हणजे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांचा पट्टा, उसाला तोटा नाही. पण रस काढला की हवा लागून काळा पडायला लागतो आणि उन्हात पटकन आंबतो. त्यात पिळलेलं लिंबू फक्त चवीसाठी नसतं, ते रंगही थोडा वेळ धरून ठेवतं. म्हणूनच इतक्या मोठ्या कंपन्या असूनही उसाच्या रसाचा खरा धनी अजून चरकवालाच आहे.

पुण्या-मुंबईत 'कानिफनाथ रसवंती गृह', 'नवनाथ रसवंती गृह' या पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. या धंद्यात पुरंदर तालुक्यातल्या बोपगाव परिसरातली माणसं पुढे होती आणि तिथल्या कानिफनाथांचं नाव त्यांनी दुकानाला दिलं. ट्रेडमार्क नाही, जाहिरात नाही. एका गावाने दुसऱ्याला हात दिला आणि नाव राज्यभर पसरलं. घुंगरांचा आवाज आला की गिऱ्हाईक आपोआप वळतं. यापेक्षा स्वस्त मार्केटिंग मला दाखवा!

खुंटा दुसरा: परत येणारी बाटली

पुण्याच्या कॅम्पात 'अर्देशीर' हे सोड्याचं नाव १८८४ पासून आहे. रास्पबेरी, जिंजर, लेमन असे प्रकार. काचेच्या बाटलीत भरतात, इराणी हॉटेलांत आणि दुकानांत जातात आणि रिकाम्या बाटल्या परत येतात.

काचेच्या बाटलीचं गणित एकदा वहीत मांडून बघा. समजा बाटली १५ रुपयांची आहे. ती २० वेळा परत आली तर एका फेरीचा बाटलीचा खर्च ७५ पैसे. तीनच फेऱ्यांत हरवली किंवा फुटली, तर एका फेरीला ५ रुपये. धंदा तोच, माल तोच, फक्त बाटली परत येते की नाही यावर सगळं ठरतं.

आता बाटली परत कधी येते? दुकानदार ओळखीचा असेल, गाडी दर दोन दिवसांनी त्याच्या दारात जात असेल, क्रेटचं डिपॉझिट घेतलेलं असेल तेव्हा. म्हणजे परीघ लहान असेल तेव्हाच. दोनशे किलोमीटरवर माल पाठवला की रिकामी बाटली आणायचं भाडं बाटलीपेक्षा जास्त होतं. अनेक मुलं पहिल्याच वर्षी 'पूर्ण महाराष्ट्रात डिस्ट्रिब्यूटर नेमणे आहे' अशी जाहिरात टाकतात. त्यांनी हे गणित आधी करावं.

गोळी सोड्याचीही हीच गोष्ट. बाटलीच्या गळ्यात काचेची गोळी, आतल्या गॅसच्या दाबाने ती वर चिकटून बसते आणि तोंड बंद होतं. हिरम कॉड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८७२ मध्ये याचं पेटंट घेतलं. त्याच्या देशात ती बाटली कधीच मागे पडली, आपल्याकडे जत्रेत आणि एसटी स्टँडवर टिकली. कारण बाटली धुवून पुन्हा भरता येते आणि फोडताना जो 'टॉक' आवाज होतो त्याचे गिऱ्हाईक पैसे देतं. २०२५ मध्ये तर अपेडाने गोळी सोड्याची अमेरिका, युरोप आणि आखाती देशांत निर्यात होत असल्याचं जाहीर केलं. तिकडे विकली जाते ती चवीइतकीच त्या गोळीमुळे.

खुंटा तिसरा: ठरलेलं जेवण, ठरलेला प्रसंग

हा खुंटा सगळ्यात मजबूत, असं माझं मत झालंय.

मुंबईची 'पालनजी' रास्पबेरी १८६५ पासूनची. पारशी लग्नाच्या पंगतीत ती लागतेच. तिथे कोला ठेवला तर पाहुणे विचारतील, रास्पबेरी कुठंय? म्हणजे तिचा स्पर्धक दुसरी बाटली नाहीच, ती त्या पंगतीचा भाग आहे.

कोकणात उतरलात की माशाच्या ताटाबरोबर सोलकढी न मागता येते. सोलकढीला कुणी ब्रँड अँबॅसडर लावला नाही. आगळ किंवा आमसुलं, नारळाचं दूध, मिरची-लसूण. नारळाचं दूध नासतं, त्यामुळे पहिला खुंटाही तिच्याकडे आहेच.

सुरतला कपड्यांच्या खरेदीला जाणारे दुकानदार मित्र 'सोस्यो' ओळखतात. १९२३ साली, स्वदेशीच्या काळात सुरू झालेला हजूरी घराण्याचा हा धंदा. नाव मूळचं 'सोशिओ', पण लोकांच्या तोंडी 'सोस्यो' बसलं, तर कंपनीने स्पेलिंग लोकांप्रमाणे बदललं. लोकांना दुरुस्त करत बसले नाहीत, हे मला फार आवडलं. जवळजवळ शंभर वर्षं हे नाव गुजरातेत राहिलं आणि २०२३ मध्ये रिलायन्सने त्यात ५० टक्के भागीदारी घेतली.

तमिळनाडूत 'बोवोंटो' आहे. तिची कंपनी काळीमार्क १९१६ मध्ये विरुधुनगरला सुरू झाली. २०१७ मध्ये जल्लीकट्टू आंदोलनानंतर तिथल्या व्यापारी संघटनांनी परदेशी कोला न विकायचं आवाहन केलं, तेव्हा बोवोंटोची मागणी वाढली. पण इथे नीट बघा. अभिमानाची लाट आली तेव्हा माल दुकानात पोचवायची यंत्रणा आधीच शंभर वर्षं चालू होती, म्हणून तिचा फायदा झाला. लाट बघून यंत्रणा उभी करायला गेलो असतो, तर तोवर लाट ओसरली असती.

आता आपल्याकडे या. पुणे-सोलापूर हायवेवर भिगवण. उजनीचं पाणी, मासळीबाजार, हिवाळ्यात कुंभारगावला रोहित पक्षी बघायला येणारी पुण्याची गर्दी आणि मासे खायला थांबणाऱ्या गाड्या. या माशाच्या जेवणाबरोबर प्यायला काय? मी थांबलो तिथे बहुतेक ठिकाणी वेटरने कंपनीच्या फ्रीजकडे बोट दाखवलं. माझा नियम सगळ्यात जास्त वेळा मोडायची वेळ आली ती दूर कुठे नाही, आपल्याच हायवेवर. कोकणातल्या ताटाला स्वतःचं पेय आहे, भिगवणच्या ताटाला अजून नाही. ही जागा मला रिकामी दिसते. ताक असेल, चिंच-गूळ असेल, उसाचा रस वेगळ्या पद्धतीने असेल, ते तुम्ही शोधा. पण गिऱ्हाईक आधीच बसलेलं आहे, ताट समोर आहे, फक्त ग्लास मोकळा आहे.

खुंटा चौथा: जमीन आणि नाव

गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये. आता ते पिल्सनर आणि कोल्श आठवा. एका गावाने नाव सोडलं, दुसऱ्याने धरून ठेवलं. जीआय म्हणजे नाव धरून ठेवायची कायदेशीर सोय.

पण जीआय मिळालं म्हणजे माल विकला गेला, असं नाही. ते नाव एका माणसाचं नसतं, त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं आणि वापरायला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी करावी लागते. कोकणातल्या ज्या घरगुती उद्योगांचं कोकम सरबत मी घेतलं, त्यांची खरी ताकद सर्टिफिकेटच्या फ्रेममध्ये नव्हती. रातांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये, पाऊस आला की फळ हातचं गेलं. त्या थोड्या आठवड्यांत वर्षभराचा माल वाळवून, खारवून ठेवायचं कसब त्यांच्याकडे आहे. ते तुम्ही-आम्ही बारामतीत बसून एका सीझनमध्ये शिकू शकत नाही.

ज्यांना खुंटा नव्हता त्यांचं काय झालं?

'ड्यूक्स' हे मुंबईचं नाव, १८८९ मध्ये दिनशा पंडोल यांनी सुरू केलेलं. लेमोनेड, रास्पबेरी, मँगोला. १९९४ मध्ये पेप्सीने ते विकत घेतलं. १९७७ मध्ये कोका-कोला देशाबाहेर गेली, त्या मोकळ्या मैदानात पार्लेचं 'थम्स अप' उभं राहिलं. १९९३ मध्ये पार्लेने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट कोका-कोलाला विकले. थम्स अप आजही जोरात आहे. गोल्ड स्पॉट मात्र बाजारातून गेलं.

हे धंदे वाईट नव्हते, मालकांना विकून पैसे मिळाले. पण एक गोष्ट समजून घ्या. तुमचं पेय जर दुकानात कुणीही, कधीही, कुठेही पिण्यासारखं असेल, तर तुम्ही थेट मोठ्यांच्या मैदानात आहात. आणि तिथला सामना आता १० रुपयांवर आलाय. रिलायन्सने २०२२ मध्ये 'कॅम्पा' घेतला आणि २०२३ मध्ये २०० मिलीची बाटली १० रुपयांना आणली.

त्या १० रुपयांची फोड करू. गॅसवाल्या गोड पेयांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधीही २८ टक्के अधिक १२ टक्के सेस होताच. म्हणजे:

- एमआरपी: १० रुपये
- त्यातला कर: साधारण २ रुपये ८६ पैसे
- समजा दुकानदार आणि वितरक मिळून: १ रुपया ७० पैसे
- तुमच्या हातात: ५ रुपये ४४ पैसे

या ५ रुपये ४४ पैशांत बाटली, झाकण, लेबल, साखर, गॅस, वीज, मजुरी, गाडीभाडं, फुटतूट आणि बँकेचा हप्ता. मोठी कंपनी रोज लाखो बाटल्या काढून यातूनही पैसे काढेल. दोन माणसांच्या युनिटला ते जमणार नाही. हे आकडे पाहूनही ज्याला कोलाच काढायचाय, त्याने खुशाल काढावा, पण आकडे पाहून काढावा.

आता त्याच करपत्रकाची दुसरी बाजू. फळांच्या गरावर किंवा रसावर आधारलेल्या बिनगॅसच्या पेयांवरचा जीएसटी त्याच तारखेपासून १२ वरून ५ टक्के झाला. साखर आणि चव नसलेला साधा सोडाही ५ टक्क्यांत आला. फळाच्या त्याच रसात गॅस भरला की मात्र ४० टक्के. शिवाय गोड सोडा बनवणाऱ्याला जीएसटीची कंपोझिशन स्कीम मिळत नाही. मशीन बुक करायच्या आधी आपला माल नेमका कुठल्या गटात बसतो, हे सीएकडून लेखी घ्या. गॅसचं एक बटण तुमचा कर आठपट करू शकतं!

काउंटरच्या आतून दिसणारी गोष्ट

मी स्वतः दुकानदार आहे, म्हणून हे सांगतो. तुमचा माल चांगला असला तरी आम्ही तो का ठेवत नाही?

पहिलं कारण फ्रीज. अनेक छोट्या दुकानांत काचेच्या दाराचा फ्रीज कंपनीने दिलेला असतो आणि अट असते की आत कंपनीचाच माल. तुमच्या बाटलीला त्यात जागा नाही, आणि गरम सोडा कोण घेणार? दुसरं, गाडी. कंपनीची गाडी ठरलेल्या वारी येते. नवीन पोरगा एप्रिलमध्ये दोनदा येतो, मे महिन्यात ऐन उन्हाळ्यात माल संपला की फोन उचलत नाही. तिसरं, परतावा. तारीख संपलेला माल कोण परत घेणार हे आधी बोललेलं नसतं.

म्हणून माझा सल्ला, सुरुवात किराणा दुकानापासून करू नका. जिथे फ्रीज कंपनीचा नाही आणि माल रोज संपतो अशा जागा शोधा: खानावळी, मंगल कार्यालयं, आठवडे बाजार, रसवंती, एमआयडीसीतली कँटीन. पालखीच्या दिवसांत तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी आपल्याच रस्त्याने जाते. तिथे विकायला नाही, सेवा म्हणून पाजा. लोकांच्या तोंडावर चव कशी बसते, ग्लास अर्धा टाकतात की दुसरा मागतात, हे त्या गर्दीत दिसतं. पैसे घेऊन केलेल्या सर्व्हेत ते कळणार नाही.

तुमच्यासाठी घरचा अभ्यास

पुढच्या प्रवासात तुम्हीही हा नियम लावा. लग्नाला जा, देवाला जा, मालाला जा. प्यायचं फक्त तिथलंच. (पाणी मात्र सीलबंद किंवा उकळलेलं. बर्फ कुठला आहे ते विचारा, पोट बिघडवून अभ्यास नको.) खिशात छोटी वही ठेवा आणि प्रत्येक पेयापुढे हे सात प्रश्न लिहा:

१. लेबलवर 'उत्पादक' कोण आणि 'विपणन' कोण? दोन्ही नावं एकच आहेत का?
२. हे किती तासांत किंवा दिवसांत खराब होतं?
३. बाटली परत जाते का? डिपॉझिट किती?
४. लोक हे कशाबरोबर पितात? कुठल्या वेळी?
५. यात इथल्याच जमिनीचं काय आहे?
६. दुकानदाराच्या कुठल्या फ्रीजमध्ये ठेवलंय?
७. हे माझ्या गावात नेलं तर चालेल का? नसेल तर का नाही?

सातवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. 'इथे नाही चालणार' याचं जे कारण तुम्ही लिहाल, तोच त्या पेयाचा खुंटा असतो.

दहा पेयांची वही भरली की आपल्या कल्पनेकडे परत या आणि तिला हेच सात प्रश्न विचारा. एकाही ठिकाणी ठोस उत्तर मिळालं नाही, तर मशीनचा ॲडव्हान्स देऊ नका. आधी घरच्या पातेल्यात, वीस लिटरच्या कॅनमध्ये, एका खानावळीत महिनाभर चालवून बघा. विकायला लागलात की एफएसएसएआयची नोंदणी पहिल्या दिवसापासून हवी, अगदी घरून केलं तरी.

उत्तर मिळालं, तर मात्र मागे हटू नका. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची पीएमएफएमई योजना २०२० मध्ये सुरू झाली, तिच्यात प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान ठेवलेलं आहे. सध्या अर्ज कसे घेतायत ते तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, एजंटला पैसे देऊ नका. आणि अनुदान मिळतंय म्हणून धंदा करू नका. अनुदान एकदाच मिळतं, हप्ता दर महिन्याला येतो.

भिगवणच्या ताटाशेजारचा तो ग्लास अजून मोकळा आहे. आपल्यातल्या कुणीतरी तो भरावा. कुणी खरंच कामाला लागलं, तर आधी वही दाखवा, लोगो नंतर बघू.

भेटू पुढच्या व्हिडिओत.